कुझबासचा गव्हर्नर

पश्चिम सैबेरियात केमेरोवो नावाचा प्रांत आहे. त्यातला कोळशाचा पट्टा म्हणजे कुझबास. रशियाचा निम्म्याच्या आसपास कोळसा येथूनच निघतो. या प्रांताची गादी अमान तुलेयेव यांनी १९९७ पासून २०१८ पर्यंत सांभाळली. गादी हा शब्द आम्ही जाणूनच वापरीत आहोत.

गृहस्थ खालून वर आलेले. जन्म १९४४ चा, तुर्कमेनियातला. बाप महायुद्धात पडला. रेल्वेत सांधेवाला म्हणून लागले आणि मेझ्दुरेचेन्स्कच्या स्टेशनमास्तरकीपर्यंत, पुढे त्याहूनही वर चढले. याच मेझ्दुरेचेन्स्कमध्ये १९८९ च्या जुलैत खाणकामगारांनी संप पुकारला. अंगावरची काजळी धुवायला साबणसुद्धा मिळत नाही, ही त्यांची एक तक्रार होती! पाहता पाहता लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. संप त्यांनी केला. त्याने जी दारे उघडली त्यांतून १९९० साली प्रांतिक सोव्हिएटच्या अध्यक्षपदावर जाऊन बसले ते रेल्वेचे अधिकारी तुलेयेव. असे कोठेही घडते.

१९९७ साली येल्त्सिन यांनी त्यांना गव्हर्नर नेमले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ९० टक्क्यांहून अधिक मते पडली. १९९८ च्या मे महिन्यात थकलेल्या पगारासाठी खाणकामगार सैबेरियाच्या मुख्य रेल्वेमार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा तुलेयेव दोष मॉस्कोच्या माथी मारीत होते. पुढे पुतिन यांचा जमाना आला तशी मॉस्कोशी त्यांची मैत्री जुळली. २००५ मध्ये नेमणूक पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्या हातून झाली. २०१५ च्या निवडणुकीत ९६ टक्क्यांवर मते मिळाली. एवढी मते पडतात तेथे विरोधी पक्ष उरला असेल काय, हे ज्याचे त्याने ओळखावे.

पण खाणीत काय चालले होते? १९ मार्च २००७ रोजी उल्यानोव्स्काया खाणीत स्फोट होऊन ११० माणसे गेली. खाणीत मिथेन वायू मोजणारी यंत्रे असतात. वायू वाढला की ती वीज तोडतात आणि काम थांबते. चौकशीत आढळले की या यंत्रणेत मुद्दाम फेरफार केला होता, उत्पादन थांबू नये म्हणून. येथे कामगाराला दोष देणे सोपे आहे. परंतु जेथे मजुरीचा मोठा हिस्सा काढलेल्या कोळशावर ठरतो, तेथे यंत्र थांबले की घरची चूल थांबते. गेटसभांत आयुष्य गेलेल्या आम्हांला हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २०१० च्या मेमध्ये मेझ्दुरेचेन्स्कच्या रास्पादस्काया खाणीत ९१ जण मेले. पहिल्या स्फोटानंतर सोडवायला उतरलेले काही जण दुसऱ्या स्फोटात सापडले. पक्क्या पगाराचा वाटा वाढवावा, ही चर्चा त्यानंतर वरपर्यंत पोहोचली. गव्हर्नर मात्र जागच्या जागी राहिले.

२५ मार्च २०१८ रोजी केमेरोवो शहरातील एका बाजारसंकुलाला आग लागून ६० जण दगावले. त्यांत ३७ मुले होती. दोन दिवसांनी हजारो लोक चौकात जमले. त्यांच्यासमोर एक उपगव्हर्नर गुडघे टेकून बसले. तुलेयेव चौकात आलेच नाहीत. त्यांनी क्षमा मागितली ती पुतिन यांची, आणि जमावाला विरोधकांचा कट ठरविले.

१ एप्रिलला राजीनामा दिला. त्याच महिन्यात ते प्रांतिक विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. सप्टेंबरात तेही पद सुटले. २० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.