दिल्ली–टोकियो : जाताना लवकर, येताना उशीर का?

आता आपण दिल्ली–टोकियोचं उदाहरण घेऊ. सरळ हवाई अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर. जाताना साधारण साडेसात तास लागतात, येताना मात्र नऊच्या वर. अंतर तेच, मग फरक कशाचा? तर वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो विमानाला मागून रेटतो, येताना समोरून अडवतो.

त्यात टोकियोचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. रात्री आठला निघून तिथल्या सकाळी सातला उतरलो, तर प्रवास साडेसात तासांचाच झाला. म्हणून परतताना दिल्लीहून पुढचं विमान धरायचं असेल, तर जातानाचे तास मोजून तिकीट काढू नये. ते हमखास चुकेल.