गाडी गेली, नाव राहिलं

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस आधी जनावराचं तोंड उघडतो. दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, ते दातांवरून ठरवतो. मग चार पावलं चालवून खूर आणि खांदा बघतो आणि विकणाऱ्याला गाव विचारतो. हाच माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला गेला की ताजा रंग आणि एका सेल्फला धरलेलं इंजिन एवढं बघून इसार देतो. विकणाराही तसाच. पैसे मोजून झाले की किल्ली आणि आरसी बुक हातावर ठेवतो आणि म्हणतो, “नाव करून घ्या सवडीनं.” ती सवड पुढे कितीतरी वर्षं सापडत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यंत्रांची खरेदी सोपी झाली आहे, विक्री मात्र अजून तोंडी चालते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथं बारमाही पाणी आणलं. नारायणगावच्या आसपास द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटो आले, पूर्वेला कांदा, आणि ऊस घ्यायला विघ्नहर व भीमाशंकर हे दोन साखर कारखाने. एखादं वर्ष भावाचं निघतं. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांवर भाव मिळाला होता. अशा हंगामात दारात नवी गाडी येते आणि जुनी शेडमध्ये सरकते. त्या शेडमध्ये आधीच कडबाकुट्टी, द्राक्षाचा जुना ब्लोअर, फवारणीचा एचटीपी पंप, दोनदा वायंडिंग केलेली मोटर आणि वेल्डिंग मशीन दाटीनं उभी असतात.

वेल्डिंग मशीन मात्र इथं हौसेची वस्तू नाही. मांडवाचा अँगल वाकतो, ट्रॉलीच्या फाळक्याचं बिजागर तुटतं, रोटाव्हेटरचं ब्रॅकेट तडकतं. प्रत्येक वेळी मंचर किंवा आळेफाटा गाठायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. शिवाय चाकणच्या कारखान्यांत काम करणारी मुलं सुट्टीला घरी येतात तेव्हा हातात कसब घेऊनच येतात. घरचं वर्कशॉप उभं राहतं ते असं, गरजेतून.

अडचण विजेची असते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज मोजकेच तास मिळते, पाळीनुसार कधी दिवसा तर कधी रात्री. बिबट्यांच्या या मुलखात दिवसा वीज द्या ही मागणी होते ती यामुळेच. घराला मात्र बहुधा सिंगल फेज. त्यामुळे घरी यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून मोटर कुठल्या फेजची हा असायला हवा. बंद पडलेल्या कारखान्यातून स्वस्तात आलेलं थ्री फेज यंत्र घरी चालत नाही. ते शेतीपंपाच्या कनेक्शनवर जोडलं आणि त्यावर धंदा सुरू केला, तर 2003च्या वीज कायद्याच्या कलम 126 नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

घरगुती कामाला हलकं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरतं. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण 70 ते 90 अँपिअर लागतात, सव्वातीनच्या रॉडला शंभरच्या पुढे. हा आकडा रॉडच्या टोकाचा असला तरी घरच्या लाइनवरही पंधरा-वीस अँपिअरचा भार येतो. टीव्हीच्या प्लगमधून एवढा भार ओढणं म्हणजे वायर जाळणं. मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ओलसर जमिनीत नीट केलेलं अर्थिंग, एवढा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन मिळत असेल तर आत तांब्याचं वायंडिंग आहे की ॲल्युमिनियमचं हे उघडून बघावं. तांब्याचं असेल तर मशीन मेल्यावरही भंगारात चांगले पैसे देतं. ग्राइंडरच्या बाबतीत घासाघीस करू नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याचं गार्ड काढून लाकूड कापायचं पातं बसवण्याची खोड गावोगाव आहे आणि गेलेली बोटंही गावोगाव आहेत. गळ्यातलं उपरणं आणि सैल बाही या यंत्राजवळ नको.

लेथ घेण्याची हौस कमी जणांना असते, पण जुना लेथ ही फसगतीची खास जागा. बटाला, लुधियाना, राजकोट इथं बनलेले लेथ वर्षानुवर्षं चालतात, आणि चालतात म्हणूनच झिजतात. रंग बघू नये. लेथचा बेड चकाजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथंच होतं. चकाजवळ आणि दूर, दोन्हीकडे सॅडल सारखीच सैल किंवा घट्ट सरकते का ते हातानं जाणवतं. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे चकात धरलेली सहा इंची सळई सलग कातून दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजायची. एका टोकाला जाडी जास्त निघाली तर कारण विचारावं. विकणारा सळई कातू द्यायला कां कूं करत असेल तर उत्तर तिथंच मिळालं. लेथ ओतीव लोखंडाचा, वजन शेकड्यांत किलो. त्यामुळे उचलण्याचं भाडं आणि खालचा काँक्रीटचा ओटा हे दोन्ही सौद्यात मोजावे लागतात.

छोट्या वस्तूंसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणारे बरेच आहेत. तिथं चांगला पाना अगदी स्वस्तात मिळू शकतो. पाणबुडी मोटर किंवा केबल जुनी घेताना मात्र सावध राहावं. घोड, मीना, कुकडीच्या काठांवरून मोटरी आणि तांब्याची केबल चोरीला जाण्याच्या तक्रारी सतत होतात. चोरीचा माल माहीत असूनही, किंवा तसा समज व्हायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर कवडीमोलानं, बिलाशिवाय, संध्याकाळच्या वेळी कुणी दारात आणून देत असेल, तर ‘तसा समज व्हायला कारण’ आणखी काय हवं?

आता विक्रीकडे. किंमत ठरवताना मालक खरेदीचं बिल आठवतो. घेणारा मात्र आजची नवी किंमत बघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कर धरण्याआधी सात लाखांच्या ट्रॅक्टरवर पूर्वी 84 हजार कर लागे, आता 35 हजार. नवा ट्रॅक्टर 49 हजारांनी उतरला की शेडमधला जुना पूर्वीच्याच भावाला कुणी मागणार नाही, हे मालकाला पटायला वेळ लागतो. छोट्या मोटारींचंही तसंच, त्यांच्यावरचा कर 18 टक्क्यांवर आला आहे. भाव पुन्हा चढेल म्हणून कांदा बराखीत ठेवता येतो, यंत्र ठेवता येत नाही. उभ्या यंत्राचे सील सुकतात, बॅटरी बसते, टायरना चिरा जातात. दोन हंगाम न चाललेलं अवजार तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी, मागणी असताना काढावं. ब्लोअर विकायचा तर द्राक्षाच्या छाटणीच्या सुमाराला. हंगाम संपल्यावर त्याला कुणी विचारत नाही.

सरकारी अनुदानातून घेतलेलं अवजार विकण्याआधी त्या वेळी दिलेलं हमीपत्र शोधून वाचावं. ठरावीक वर्षं ते विकणार नाही असं त्यात लिहून दिलेलं असतं, आणि सही करताना ते बहुतेकांनी वाचलेलं नसतं.

बिनकागदी अवजाराचा सौदा दोन ओळींच्या पावतीवर भागतो. नोंदणी असलेल्या वाहनाचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018चा ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ हा निकाल गाडी विकणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा असा आहे. मूळ मालकानं 2007 मध्ये मोटार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी हात बदलत गेली, पण आरटीओच्या दफ्तरी नाव पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये त्या मोटारीनं अपघात झाला, त्यात जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयानं सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक. मधल्या सौद्यांमागे धावत बसण्याची पाळी अपघातग्रस्त कुटुंबावर येता कामा नये.

याचा अर्थ आळेफाट्याच्या चौकात हातात पैसे पडले तरी सौदा पुरा झालेला नसतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा आरसीवरून आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 द्यावा लागतो. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. ट्रॅक्टरच्या सौद्यात ती नुसतीच मागून ओढत गेली, तर तिचं नाव मागेच राहतं. वडील गेल्यावर त्यांच्या नावाचा ट्रॅक्टर मुलानं परस्पर विकणं ही तर नेहमीची गोष्ट. आधी फॉर्म 31 भरून तो वारसाच्या नावावर यायला हवा. दोन्ही तालुके एमएच 14 मध्ये, म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओकडे येतात. जुन्नरहून तिथं जाण्यात दिवस मोडतो, म्हणूनच “सवडीनं” हा शब्द एवढा लाडका. अर्ज मात्र आता परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो.

1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनाला नवी एचएसआरपी पाटी नसेल तर नावबदलासारखी कामं अडतात. दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला 450 रुपये, मोटारीला 745, जीएसटी निराळा. पाटी बसवूनच गाडी बाजारात काढावी. घेणाऱ्याला बोलायला एक जागा कमी होते.

पैशांबाबत दोन गोष्टी. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे इथं जोखीम विकणाऱ्याची. दुसरं, मोबाइलवर जाहिरात टाकली की लष्करात असल्याचं सांगणारा एखादा न बघताच गाडी घ्यायला तयार होतो आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडतो. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत.

मोटारीला चांगला भाव येतो तो विक्रीच्या दिवशीच्या धुलाईमुळे नव्हे. या दोन तालुक्यांची हवा एक नाही. पश्चिमेला, नाणेघाट-माळशेजच्या अंगाला किंवा आहुप्याकडे, पावसाळाभर गाडी ओली राहते. तिथं दसऱ्याच्या आत जॅकवर चढवून खालचा पत्रा, सायलेन्सर आणि ब्रेकचे पाइप धुऊन, वाळवून गंजरोधक मारायला हवा. पूर्वेला, आणे पठाराकडे, धुळीचा त्रास. तिथं एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाची वाट बघत नाही. आणि बराखीशेजारी लावलेल्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, हा खर्च तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

जुनी मोटार घेणाऱ्यानं किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, तो फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का ते बघावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 3522 म्हणजे 2022च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी वीस हजार चालल्याचं सांगतात आणि चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण, तर मूळचे टायर कुठे गेले? चासी नंबर आरसीशी ताडून बघावा, दंडाच्या ई-चलनांची यादी काढावी.

विमा नव्या मालकाच्या नावावर करायला 14 दिवस असतात. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला ती सूट लागू होते. हजारो रुपयांचा हा हक्क बरेच जण माहिती नसल्यामुळे सोडून देतात. फास्टॅगचंही तेच. तो काचेवरून खरवडून काढला तरी बँकेत चालूच असतो. बंद केला नाही तर नवा मालक चाळकवाडीच्या नाक्यावरून जाईल आणि पैसे जुन्याच्या खात्यातून कापले जातील.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी फॉर्म 25 भरून, तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवता येते. जुन्या गाड्यांवरची दिल्लीतली बंदी ऐकून इथं कुणी घाईनं गाडी भंगारात काढायचं कारण नाही. काढायचीच ठरली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला न देता सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथं मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. नोंदणी रद्द केल्याशिवाय तुकडे झालेल्या गाडीचा चासी नंबर मात्र दफ्तरात जिवंत राहतो, मालकाच्या नावासकट.