तराजूच्या पलीकडचे शिक्षण

दहावीचा निकाल हाती पडला की शहरातील बहुतेक घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो गणित आणि विज्ञानाच्या गुणांचा. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि भाषा यांचे गुण टक्केवारीला हातभार लावतात, एवढ्यापुरतेच त्यांचे कौतुक. महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेची रचना मात्र वेगळे सांगते. एकूण ६०० गुणांपैकी ३०० गुण तीन भाषांचे आणि १०० गुण सामाजिक शास्त्रांचे आहेत. म्हणजे दोन तृतीयांश गुण मानव्य विषयांचे. पण पालकांचा पैसा, शिकवणी वर्ग आणि मुलांची झोप खर्च होते ती उरलेल्या २०० गुणांवर. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही सामाजिक शास्त्रे निरुपयोगी मानली जातात, याची खंत नोंदविली होती.

या विषयांचा उपयोग काय, याचे एक उत्तर राज्याच्या पूर्व टोकावर, गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे मिळते. पदवीची चैन जेथे परवडण्याजोगी नव्हती आणि शिक्षणाची गरज पोटाशी निगडित होती, अशा ठिकाणचे हे उत्तर असल्याने ते अधिक विचारात घेण्यासारखे आहे.

आधी भाषा, मग औषध

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी नागपूरला घेतलेले वैद्यकीय शिक्षण सोबत आणले होते. परंतु माडिया गोंड रुग्ण त्यांच्याकडे सहजासहजी येईनात. परक्या माणसाविषयीची भीती होती, आजाराविषयीच्या समजुती वेगळ्या होत्या आणि मधे भाषेची भिंत होती. माडिया ही द्राविडी कुळातील भाषा. मराठी बोलणाऱ्याला तिचा अर्थ अंदाजाने लागत नाही. पोटात कधीपासून दुखते, हे विचारण्यासाठी डॉक्टरांना आधी माडिया शिकावी लागली आणि त्या समाजाच्या चालीरीती समजून घ्याव्या लागल्या. औषधशास्त्र तेच होते. ते रुग्णापर्यंत पोहोचले भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासातून. या दाम्पत्याला २००८ मध्ये मिळालेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार समाजनेतृत्वासाठी होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वजनकाट्यावरची फसवणूक

हेमलकशाची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्यामागचे कारण साधे होते. मोजता-वाचता येत नसल्यामुळे माडियांची सर्रास फसवणूक होत असे. मोलाची चारोळी देऊन बदल्यात मीठ घ्यायचे, असे व्यवहार चालत. जंगलातील मजुरीचा हिशेब कंत्राटदार सांगेल तो आणि दंडाची रक्कम कर्मचारी मागेल ती. या फसवणुकीवरचा पहिला उपाय अर्थातच अंकगणित हा होता. ज्याला मापे कळतात, त्याला तराजूत सहज फसविता येत नाही.

पण फसवणूक तराजूपुरती थांबत नाही. दंड कोणत्या कायद्याखाली मागितला, तो मागण्याचा अधिकार या कर्मचाऱ्याला आहे का, पावती का मिळत नाही, ज्या जंगलात आजोबा-पणजोबा वावरले त्या जंगलात आपण अतिक्रमक केव्हा आणि कसे ठरलो, या प्रश्नांची उत्तरे पाढ्यांत नसतात. त्यासाठी कायद्याची भाषा वाचता यावी लागते, शासन कसे चालते ते ठाऊक असावे लागते आणि आपल्या प्रदेशाचा इतिहास माहीत असावा लागतो. या तीन गोष्टी शाळेत शिकविल्या जातात त्या भाषा, नागरिकशास्त्र आणि इतिहास या नावांनी.

दावा मांडण्याचे शास्त्र

याचे प्रत्यंतर वनहक्क कायद्यात दिसते. २००६ मध्ये संमत झालेल्या या कायद्याने पिढ्यान्पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. मात्र हक्क मिळण्यासाठी दावा करावा लागतो आणि दाव्याला पुरावे लागतात. २००८ च्या नियमांत कोणते पुरावे ग्राह्य धरले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. जुनी गॅझेटियरे, जनगणनेच्या नोंदी, नकाशे, संस्थानकालीन कागदपत्रे, वंशावळ, विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा, रूढी-परंपरांची अभ्यासकांनी केलेली नोंद आणि गावातील वृद्धांची लेखी उतरवून घेतलेली निवेदने. सामूहिक वनहक्कासाठी तर ओळखता येतील अशा खुणांसह वनक्षेत्राचा नकाशा लागतो.

ही यादी म्हणजे इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्राची साधनसूचीच आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण नेमक्या शब्दांत उतरवून घेणे हे इतिहासाचे काम, शिव दाखविणारा नकाशा काढणे हे भूगोलाचे आणि ग्रामसभेपुढे ते सारे सुसंगतपणे मांडणे हे भाषेचे. माध्यमिक शाळेत हे विषय नीट शिकलेला मुलगा किंवा मुलगी गावात असेल, तर दावा भरताना बाहेरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. त्यामागे गावाच्या ‘अभ्यास गटा’ची अनेक वर्षांची परंपरा होती. विषय घ्यायचा, जाणकारांना बोलवायचे, उलटसुलट चर्चा करायची आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे, ही तेथील रीत. वर्गात न बसलेल्या प्रौढांनी केलेला हा मानव्य विषयांचाच अभ्यास होता. पुढे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. बांबू आणि तेंदूपानांची विक्री ग्रामसभांकडे आल्यावर लिलावाची जाहिरात, करारनाम्यातील अटी, इतिवृत्त हे सारे गावाच्याच अंगावर आले. हिशेबाइतकीच भाषेचीही तेथे कसोटी लागते.

पाठांतराचा दोष

मग हे विषय नकोसे का होतात? याचा दोष बराचसा शिकविण्याच्या पद्धतीकडे जातो. सनावळ्या, राजधान्या आणि कलमांचे क्रमांक पाठ करून घेतले, की विद्यार्थ्याला त्यांचा आपल्या जगण्याशी संबंध दिसत नाही. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पूर आला की तेथील वाट बंद होते. तेथील मुलासाठी नदीखोऱ्याचा धडा याच अनुभवापासून सुरू व्हायला हवा. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे फाशी गेलेले बाबुराव शेडमाके हे याच परिसरातील गोंड जमीनदार. १८५७ च्या धड्यात त्यांची ओळख झाली, तर इतिहास दूर दिल्ली-मेरठकडे घडलेली गोष्ट राहत नाही. शहरातल्या मुलांच्या बाबतीतही हेच खरे. आपल्या घराच्या नळाला पाणी कोणत्या धरणातून येते आणि ते धरण बांधताना कोणाची गावे उठली, हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्ही कच्चे राहिले असे म्हणावे लागेल.

रोजगाराचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. दुर्गम भागातील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत केवळ कला शाखाच असते. प्रयोगशाळा नाही, शिक्षक नाहीत म्हणून मुले नाइलाजाने तिकडे वळतात. आदिवासी मुलांनी इतिहास शिकावा आणि शहरातील मुलांनी अभियंता व्हावे, असा या विवेचनाचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. हेमलकशाच्या शाळेतून शिकून डॉक्टर झालेले आहेत, तसेच शिक्षक आणि वकीलही. विज्ञानाची दारे सर्वांना खुली हवीत. मुद्दा दहावीपर्यंतच्या पायाचा आहे. पुढे कोणतीही शाखा घेतली तरी तो पाया सोबत जातो.

लोक बिरादरीच्या दवाखान्याला पहिल्याच काळात कळले ते हेच, की औषध माहीत असणे आणि माणूस माहीत असणे या दोन वेगळ्या विद्या आहेत व रुग्णाला दोन्हींची गरज असते. गणिताने वजनातली लबाडी ओळखता येते; नियमातली लबाडी ओळखायला नियम वाचता यावा लागतो, तो कोणी व का केला हे विचारता यावे लागते. पुढच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिका पाहताना पालकांनी त्या ४०० गुणांकडे या दृष्टीने एकदा पाहावे.