येतोय, येतोय... पण कधी?

‘भावा, जीटीए ६ची डेट फिक्स!’ कॉलेजच्या ग्रुपवर हा मेसेज तुम्हाला एकदा तरी आलाच असेल. खाली व्हिडीओची लिंक. थंबनेलवर लाल बाण, डोळे विस्फारलेला यूट्यूबर आणि कोपऱ्यात ‘लीक्ड’चा शिक्का. तुम्ही क्लिक करता. दहा मिनिटं बोलून झाल्यावर गडी सांगतो, ‘ऑफिशियल अजून काही नाही, पण चॅनेल सबस्क्राइब करून ठेवा.’ बात खतम!

तरी आपण पुढच्या वेळी पुन्हा क्लिक करतोच. का? कारण कधी कधी लीक खरंही निघतं.

‘जीटीए ५’ आला सप्टेंबर २०१३ मध्ये. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण पहिली-दुसरीत असतील. पुढच्या भागावर काम चालू असल्याचं रॉकस्टार कंपनीने सांगितलं ते थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका हॅकरने अर्धवट तयार गेमच्या सुमारे ९० क्लिप्स नेटवर टाकल्या आणि त्या खऱ्या असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ला येणार होता. तोही आदल्या दिवशीच फुटला, म्हणून कंपनीने घाईघाईत स्वतःच अपलोड केला. २४ तासांत यूट्यूबवर नऊ कोटींच्या वर व्ह्यूज!

ही दोन खरी लीक्स. पण त्यांच्या जिवावर शेकडो खोटी लीक्स चालतात. ‘मागच्या वेळी खरं निघालं होतं ना?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

थांबणाऱ्याच्या जिवावर

आता जरा धंदा समजून घ्या. कंपनी महिनोन् महिने गप्प बसते. चॅनेलवाल्याला मात्र रोज व्हिडीओ टाकायचाय. मग ती शांतता भरायची कशाने? अंदाजाने. ट्रेलरमधल्या चंद्राचा आकार, गाडीची नंबरप्लेट, कशावरूनही तारीख काढता येते. आणि तारीख चुकली तर त्याचं काय जातं? काहीच नाही. ‘डेट पुढे गेली’ म्हणून आणखी एक व्हिडीओ होतो.

गंमत म्हणजे कंपनीने स्वतः दिलेली तारीखही पक्की नसते. ‘जीटीए ६’ आधी २०२५ मध्ये येणार होता. मग २६ मे २०२६ ठरली. मग १९ नोव्हेंबर २०२६. बनवणाऱ्यांचंच गणित असं हलतंय, तर ‘आतल्या सूत्रांचं’ काय घेऊन बसलात!

आपला ‘फौजी’ आठवतोय?

सप्टेंबर २०२०. पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने ‘फौजी’ हा देशी गेम जाहीर केला. मग काय, ‘आला आपला पबजी!’ असं जो-तो म्हणू लागला. लाखो जणांनी आधीच नाव नोंदवून ठेवलं. २६ जानेवारी २०२१ला गेम आला तेव्हा त्यात होती गलवान खोऱ्यातली एकट्याने खेळायची गोष्ट आणि बरीचशी हातघाईची लढाई. दोस्तांबरोबर खेळायचं बॅटल रॉयल नव्हतंच. प्ले स्टोअरवरचं रेटिंग धडाधड खाली आलं. गेम बरा की वाईट हा प्रश्न वेगळा. आपण मनात भलताच गेम तयार केला होता आणि हाईप असाच काम करतो.

‘सायबरपंक २०७७’चं तर विचारूच नका. २०२० मध्ये तीनदा तारीख पुढे ढकलून १० डिसेंबरला तो आला. तोवर सुमारे ८० लाख लोकांनी न बघताच पैसे भरले होते. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळला की आठवडाभरातच सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. पुढे अपडेट येत गेले, गेम सुधारला, आज लोक त्याचं कौतुक करतात. म्हणजे जे थांबले त्यांना चांगला गेम मिळाला, तोही सेलमध्ये. घाई केलेल्यांनी पूर्ण किंमत मोजून बग पदरात पाडून घेतले.

मग करायचं काय?

अंदाज लढवायला काही हरकत नाही. ट्रेलर थांबवून थांबवून बघण्यात, कट्ट्यावर थिअरी मांडण्यात मजा आहेच. फक्त पैसे आणि फोन त्यात घालू नका.

एक गोष्ट बघा. ‘जीटीए ६’साठी रॉकस्टारने पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस यांचीच नावं जाहीर केलीत. मोबाइलचं नाव त्यात नाही, पीसीचंही नाही. म्हणजे टेलिग्रामवर कुणी ‘जीटीए ६ मोबाइल बीटा’ची एपीके फाइल पाठवली, तर ती काय असेल ते सांगायची गरज आहे का? ती इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी दिलीत, तर बँकेचा ओटीपीही तिच्या हाती. त्याच फोनवर घरच्यांचं खातं जोडलेलं असेल तर बघायलाच नको.

म्हणून बातमी आली की आधी कंपनीच्या अधिकृत खात्यावर बघा. तिथे नसेल तर ती अफवा समजा. आणि प्री-ऑर्डरचं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा, हे काय गणपतीतलं कोकण रेल्वेचं तिकीट आहे का, दोन मिनिटांत संपायला? डिजिटल गेम कधी संपत नाही. पहिल्या दिवशी इतरांना खेळू द्या, रिव्ह्यू वाचा, मग खिशात हात घाला.

इतकी वर्षं थांबलात ना? मग आणखी आठवडाभर थांबलात तर बिघडणार काहीच नाही. झाला तर फायदाच होईल.