अर्ध्या तासाची विश्रांती

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढं आपण शाळेतल्या भाषणांतून ऐकलेलं असतं.

त्याच पदकाची दुसरी हकीगत मात्र भाषणात सहसा येत नाही. जपानच्या शोहाची इशीई या मल्लाबरोबर खाशाबांची कुस्ती खूप लांबली आणि ते थोडक्यात हरले. दम खाली बसायच्या आत त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशीईला सुवर्ण मिळालं, रशियाच्या मल्लाला रौप्य.

मी पंधरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, त्यामुळे हा अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. अर्ध्या तासात धाप उतरते, ठोके खाली येतात, माणूस दोन घोट पाणी पितो, मनगटात पकड परत येते. औषध लागत नाही की मशीन लागत नाही. ‘थांबा, याला बसू द्या’ म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतं.

आज मोठ्या खेळाडूंच्या मागे अशी माणसं असतात. फिजिओथेरपिस्ट, मालिश करणारा, डॉक्टर, काय खायचं ते ठरवणारा, आणि आज सराव बंद म्हणून दरडावणारा कोच. आपल्याला टीव्हीवर शर्यत दिसते, ही माणसं दिसत नाहीत. ती कमी पडली की काय होतं ते २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दिसलं. मॅरेथॉन संपवून ओ. पी. जैशा ही केरळची धावपटू कोसळली. वाटेत भारताच्या टेबलावर पाणी द्यायला कुणी नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. खेळाडू आणि कोच यांनीच नको म्हटलं होतं, असं ॲथलेटिक्स महासंघाचं म्हणणं. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्या बाईच्या पाण्यावरून वाद व्हावा, हेच मला नर्स म्हणून पटत नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली.

आपल्याकडे तालमीत हे शहाणपण जुनंच आहे. सातारा-सांगलीकडचा कुठलाही वस्ताद सांगेल, पैलवान जोर-बैठकांनी जेवढा घडतो तेवढाच खुराक, मालिश आणि दुपारच्या झोपेने घडतो. पण बदाम-तुपाचा खुराक आणि दुपारची झोप ज्याला परवडते त्याचीच ही गोष्ट. आपल्या वस्तीतली पोरं तालमीत कमी आणि पोलीस भरतीच्या मैदानावर जास्त दिसतात. (खाशाबाही पुढे पोलीस खात्यातच गेले.) मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांसाठी ही पोरं वर्षवर्ष पहाटे उठतात. त्यांच्या मागे फिजिओ नाही. घर आहे.

आमच्या वस्तीतली एकोणीस वर्षांची पोरगी. पहाटे साडेचारला उठून मैदानावर, मग कॉलेज, संध्याकाळी स्वयंपाक. नळाला पाणी रात्री अकराला येतं, ते भरून झोपायला साडेबारा. झोप चार तासांची. भाऊही भरतीचाच सराव करायचा, पण घरात अंडं यायचं ते त्याच्यासाठी. तिच्या दोन्ही नडग्या दुखायला लागल्या तर कुठूनतरी इंजेक्शन मारून घ्यायची आणि धावायची. एक दिवस मैदानावरच चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. बाईमाणसाचं बाराच्या वर असायला हवं. आई मला म्हणाली, “ताई, आळस करतीय ओ ती हल्ली.” मी त्या माउलीला दोष देत नाही. पण आठ हिमोग्लोबिनवर आठशे मीटर पळणारी पोरगी आळशी नसते.

इंजेक्शनने दुखणं कळायचं थांबतं, हाड बरं होत नाही. नडगीवर एका बोटाने दाबून एकाच जागी कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. सहा-आठ आठवडे जातील, जाऊ द्यात. तशीच पळाली तर पुढची भरतीही हातची जाईल. ताजी सूज असेल तर मालिश करू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा आणि पाय उशीवर ठेवा. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी आणि घामाघूम अंगाने रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर येतं, हे मी वॉर्डात पाहिलं आहे.

खुराकाला बदाम लागत नाहीत. मूठभर शेंगदाणे आणि गूळ, भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, अंडी, सुकट, जमेल तेव्हा कलेजी. धावून आल्यावर तासाभरात यातलं काहीतरी पोटात जावं. जेवणावर लगेच चहा नको, कारण अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्याने लागतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हिमोग्लोबिन खूप खाली असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच. पाळी जास्त जात असेल किंवा सरावाने बंदच झाली असेल तर लपवू नका, तेही दाखवा.

पाण्याचं माप लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. कोऱ्या चहासारखी काळसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंड बंद पडू शकतं. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आणि ऊन. २०१४ साली मुंबईच्या पोलीस भरतीत जूनच्या उन्हात धावताना तरुण पोरं दगावली. धावणारा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो दमलेला नाही, त्याला ऊन लागलंय. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. सोबत्यांनी शर्यत सोडून हे करायचं. सराव एकट्याने करू नका म्हणते ते यासाठीच.

त्या पोरीला दोन महिने धावायचं बंद केलं. घरी बसून रडली, माझ्याशी बोलेना. गोळ्या चालू होत्या, तिसऱ्या महिन्यात रक्त अकरापर्यंत आलं, तेव्हा आधी चालणं, मग हलकं धावणं सुरू केलं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. घरात बसून बोलणी झाली, त्यात तिचा बाप पहिल्यांदा म्हणाला की अंडी दोन आणत जाऊ. रात्रीचं पाणी आता भाऊ भरतो. कुरकुर करतो, पण भरतो. ती साडेनऊला झोपते.