अभय राज्याचे, शिक्षा नागरिकाला

संघराज्यातील माणूस एकाच वेळी दोन सत्तांचा नागरिक असतो. या दोन सत्तांनी परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या, तर त्याने कोणाचे ऐकावे? हा प्रश्न घटनापंडितांचा म्हणून आपण सोडून देतो. अमेरिकेतील बंदुकांच्या कायद्यांचा अलीकडचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र तो सामान्य माणसाच्या दाराशी कसा येतो, हे ध्यानात येते.

मोंटाना राज्याने २००९ साली एक कायदा केला. जी बंदूक मोंटानात तयार झाली, जिच्यावर तसा शिक्का आहे आणि जी राज्याची सीमा ओलांडीत नाही, तिला मध्यवर्ती सरकारचे नियम लागू नाहीत, अशी घोषणा त्यात होती. राज्यघटनेने अमेरिकी काँग्रेसला अधिकार दिला तो राज्याराज्यांमधील व्यापाराचा. जी वस्तू राज्याबाहेर जातच नाही तिच्याशी त्याचा संबंध काय, असा हा युक्तिवाद. टेनेसी, वायोमिंग, युटा, ॲरिझोना आदी राज्यांनी तोच कित्ता गिरविला.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ओहायोतील एका शेतकऱ्याने नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर पिकविलेला गहू घरच्याच उपयोगासाठी असला, तरी अशा सर्वांच्या गव्हाचा मिळून बाजारावर परिणाम होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४२ साली ठरविले. २००५ साली कॅलिफोर्नियातील रुग्णांनी औषधासाठी घरी लावलेल्या गांजालाही तोच न्याय लागला. घरच्या कणगीतला गहूही आंतरराज्य व्यापार ठरत असेल, तर राज्यांच्या हाती उरले काय? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही मोंटानाची भीती अगदीच अनाठायी नव्हे.

परंतु बंदूक म्हणजे गहू नव्हे. तिच्यावर राज्याचा शिक्का मारता येतो. त्या शिक्क्याने तिला सीमेवर थांबविता येत नाही. मोंटानाचा दावा अपील न्यायालयाने २०१३ साली फेटाळला आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

एवढ्यावर हे संपते, तर तक्रारीला जागा नव्हती. पण २०१३ मध्येच कॅन्सस राज्याने असाच, किंबहुना अधिक कडक कायदा केला. त्यावर विसंबून तेथील एका दुकानदाराने बंदुकीचे सायलेन्सर बनवून विकले आणि एका माजी सैनिकाने त्यांतील एक विकत घेतला. १९३४ च्या मध्यवर्ती कायद्याप्रमाणे त्यांची नोंदणी आवश्यक होती. ती झालेली नव्हती. २०१६ साली दोघेही दोषी ठरले. राज्याच्या कायद्यावर भरवसा ठेवला, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. २०१८ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. तुरुंगवास टळला, पण गुन्हेगार हा शिक्का बसला आणि असा शिक्का बसलेल्यास अमेरिकी कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येत नाही. ज्या हक्काच्या रक्षणासाठी कायदा झाला, तोच हक्क त्यावर विश्वासणाऱ्यांनी गमावला!

आम्ही नागरिकशास्त्र शिकवीत होतो तेव्हा, कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, असे मुलांना बजावीत असू. या दोघांना भोवले ते कायद्याचे अज्ञान नव्हे, कायद्यावरील विश्वास. तो कायदा करणाऱ्या आमदारांपैकी मात्र कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

राज्यांनी मुकाट्याने मान तुकवावी, असे आमचे म्हणणे नाही. मोंटानाचेच एक शेरीफ, जे प्रिंट्झ, यांनी बंदूक खरेदी करणाऱ्यांची चौकशी करण्याची मध्यवर्ती सक्ती न्यायालयात नेली आणि १९९७ साली ते जिंकले. मध्यवर्ती कायदा राबविण्यास राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपता येत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. आपला हात आखडता घेणे हा राज्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचा हात धरणे हा नव्हे. प्रिंट्झ यांनी लढ्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. कॅन्ससच्या विधिमंडळाने तो गिऱ्हाइकावर टाकला.

आपल्या घटनाकारांनी शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत घालून हा विशिष्ट वाद मिटवून ठेवला आहे. परंतु अन्य विषयांत राज्ये आणि मध्यवर्ती सरकार यांचे खटके आपल्याकडेही उडतात, उडणारच. ते सभागृहात आणि न्यायालयात लढले जावेत. जे अभय आपल्याला पाळता येणार नाही, ते देण्याचा मोह मात्र कोणत्याही विधिमंडळाने आवरला पाहिजे. कारण ते वचन मोडल्याची किंमत ते देणारा भरीत नाही, त्यावर विसंबणारा भरतो.