रोहिण्या बरसतात, पण रोहिणी दिसते केव्हा?

खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. त्या संध्याकाळी सूर्य बुडाला की पश्चिमेला तिजेची बारीक कोर दिसते आणि तिच्या आसपास एक तांबूस तारा. ती रोहिणी. मे संपत आला की हा तारा सूर्याच्या उजेडात हरवतो, आणि नेमके तेव्हाच त्याचे नाव पिंप्राळ्यापासून चोपड्यापर्यंत शेतकऱ्यांच्या तोंडी येते. रोहिण्या बरसतील का? धूळपेरणी करावी की मृगापर्यंत थांबावे? सूर्य साधारण २५ मे रोजी रोहिणी नक्षत्रात येतो आणि ७-८ जूनला मृगात जातो. ज्या पंधरवड्यात रोहिणीची सगळ्यात जास्त चर्चा, त्याच पंधरवड्यात ती आकाशात दिसत नाही. पावसाच्या हिशेबापलीकडे तिला एकदा तारा म्हणून पाहायला हवे, कारण आपल्या सूर्याचे पुढे काय होणार, ते तिच्यात आज दिसते आहे.

रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. तिचे वस्तुमान सूर्यापेक्षा थोडेच जास्त, पण व्यास मात्र सूर्याच्या सुमारे ४५ पट. सूर्याच्या जागी ठेवली तर बुधापर्यंतचे निम्म्याहून अधिक अंतर ती व्यापेल. एवढ्याशा वस्तुमानाचा एवढा विस्तार, म्हणून तिची सरासरी घनता आपल्या श्वासातल्या हवेहूनही पन्नास पटींहून कमी भरते. असे का झाले? ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला. गाभा आकसला, तापला, आणि त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जोमाने जळू लागला. त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगत गेले, आणि फुगता फुगता थंडावले. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, रोहिणीचा ३,६०० च्या आसपास. तिचा तांबूस-नारिंगी रंग त्यातूनच आला. पृष्ठभाग थंड असला तरी तो इतका विस्तीर्ण आहे की एकूण प्रकाश सूर्याच्या सुमारे ४०० पट होतो. सूर्यावर ही वेळ यायला अजून जवळजवळ ५ अब्ज वर्षे आहेत.

तिच्याजवळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा ताऱ्यांचा पुंजका दिसतो. आपल्या पूर्वजांना त्यात गाडा दिसला. रोहिणीशकट तो हाच. रोहिणी मात्र त्या पुंजक्यातली नाही. तो पुंजका सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे, ती वाटेत आपल्या बाजूला उभी आहे.

अरबांनी तिला ‘अद्-दबरान’ म्हटले, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या पाठोपाठ हा तारा उगवतो. त्यावरूनच जगभर अल्डेबरान हे नाव रूढ झाले. चिनी लोकांना या ताऱ्यांत शिकारीचे लांब दांड्याचे जाळे दिसले, आणि चंद्र त्या जाळ्यात शिरला की मोठा पाऊस येतो, अशी त्यांची जुनी समजूत होती. ग्रीकांनी शेजारच्या पुंजक्याला हायडीझ म्हटले. त्या पाऊस आणणाऱ्या बहिणी. आकाशाचा एकच तुकडा आणि तीन दूरदूरच्या देशांत त्याचे पावसाशी नाते! पण ग्रीसमध्ये हा पुंजका नोव्हेंबरच्या पहाटे मावळू लागला की पाऊस सुरू व्हायचा, आणि आपल्याकडे सूर्य रोहिणीत आल्यावर, जूनच्या तोंडावर. तारा पाऊस पाडत असता तर त्याने दोन ठिकाणी दोन वेगळे महिने निवडले नसते. ज्याने त्याने आपल्या पावसाची तारीख आकाशात खूण करून ठेवली, एवढेच. ती खूणही सरकते. अयनचलनामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांच्यात सुमारे ७२ वर्षांना एक दिवसाचा फरक पडतो. भास्कराचार्यांच्या काळी सूर्य या ताऱ्यापाशी यायचा तो ऋतुमानाने आजच्यापेक्षा सुमारे १२ दिवस आधी.

भास्कराचार्यांचे नाव इथे सहज निघाले नाही. त्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. नक्षत्रांच्या योगताऱ्यांची, म्हणजे मुख्य ताऱ्यांची, स्थाने आणि ग्रहांशी त्यांच्या युती हा विषय त्यात आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला, तो आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे. १२०७ चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. तिथल्या पाटणादेवीला जाणाऱ्या प्रत्येकाने तो वारसा माहीत करून घ्यावा.

दक्षाच्या सत्तावीस मुलींपैकी चंद्राची आवडती रोहिणी, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, दोन्ही बाजूंना सुमारे ५ अंश ढळतो आणि रोहिणी क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेला साडेपाच अंशांच्या आत आहे. त्यामुळे काही वर्षे चंद्र दर फेरीला तिला झाकतो. अशी मालिका २०१५ ते २०१८ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये सुरू होईल. इ.स. ५०९ मध्ये अथेन्सहून पाहिलेल्या अशाच पिधानाची नोंद खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांच्या उपयोगी पडली. जुन्या नोंदी ताडून रोहिणी, व्याध आणि स्वाती आपल्या जागेवरून सरकले आहेत, हे त्यांनी १७१८ मध्ये दाखवले. तारे अचल असतात, ही हजारो वर्षांची समजूत तिथे संपली.

आषाढीला पिंप्राळ्यात रथ निघतो तेव्हा रोहिणी पहाटे पूर्वेला आलेली असते, पण ढगांआड. कार्तिकीला जळगावच्या रथाच्या रात्री मात्र ती स्वच्छ आकाशात वर चढते. डिसेंबरच्या सुरुवातीला ती सूर्यास्ताच्या सुमारास उगवते आणि मध्यरात्री जळगावकरांच्या जवळजवळ डोक्यावर येते. मृगाच्या पोटातले बाणाचे तीन तारे शोधा आणि त्यांची रेघ वायव्येकडे, कृत्तिकांच्या दिशेने वाढवा. वाटेत रोहिणी भेटेल. शहराच्या दिव्यांतही ती दिसते, दुर्बिणीची गरज नाही. शाळांनी यंदाच्या हिवाळ्यात एक संध्याकाळ एवढ्यासाठी राखून ठेवावी. ज्या मुलांच्या घरी रोहिणीवर पेरणी ठरते, त्यांना रोहिणी दाखवायलाच हवी.